उभ्याचं तिकीट

९ मार्च, वारजे

आज नाटकाला गेलो होतो. गेलो होतो म्हणजे बसून आलो. नाटक काही ऐकू आलं नाही. आठवी रांग, मधल्या खुर्च्या. रसिकानं बसायची जागा तीच. माझा हा नेम इतका जुना आहे, की बुकिंगच्या खिडकीवरचे गृहस्थ मला पाहिल्याबरोबर प्लॅनवर आठव्या रांगेवर बोट ठेवतात. तिथवर शब्द पोचत नसतील तर दोष कुणाचा? हल्लीच्या नटांना शब्द फेकायची सवयच राहिलेली नाही. प्रत्येकाच्या गालाला माइक चिकटवलेला. आवाज मोठा येतो, पण शब्द सगळे ओल्या कागदावरच्या शाईसारखे पसरलेले. मध्यंतरात मी आवाजाच्या टेबलाशी गेलो आणि तिथल्या माणसाला म्हटलं, "अहो, ते माइक बंद करा. निदान नट तरी ऐकू येतील." तो हसला. काहीतरी बोललाही. तेही तोंडातल्या तोंडात.

सत्यशीलेला मात्र सगळं कळलं. घरी येताना रिक्षात तिनं मला अख्खा दुसरा अंक सांगितला. नाटक बायकोकडूनच ऐकायचं तर तिकीट कशाला काढायचं? ती म्हणाली, "पुढच्या वेळी दुसऱ्या रांगेत बसू या." दुसऱ्या रांगेत नटांची थुंकी उडते. मी साफ नाही म्हटलं.

१४ मार्च

उत्कर्षाचा फोन. खराडीतल्या कंपनीनं आमच्या या लेकीला व्हिएन्नाला पाठवलं आणि ती तिकडचीच झाली. एप्रिलमध्ये या म्हणते. सत्यशीलेच्या चेहऱ्यावरून मायलेकींचं आधीच ठरलेलं दिसलं. मी म्हटलं, तिथं येऊन काय पाहायचं? राजवाडेच ना? आपला शनिवारवाडा आहे, आत काही नाही त्यामुळे लवकर पाहून होतो.

तर ती म्हणाली, "बाबा, इथे ऑपेरा आहे. आणि एकही माइक नाही. झीरो." हे सत्यशीलेनं मला पुन्हा सांगितलं, कारण या फोनचा स्पीकर भिकार आहे. मी परत परत विचारलं. एकही नाही? एकही नाही. समोर सगळं मिळून दोन हजार माणसं, खाली खड्ड्यात भलामोठा वाद्यवृंद, आणि त्या सगळ्याच्या वरून एकटा माणूस नुसत्या गळ्यानं गातो. शेवटच्या माणसापर्यंत पोचतं म्हणे.

मला खरं वाटेना. पण खरं असेल तर? रात्रभर तेच डोक्यात होतं. लिहूनच ठेवतो. मरायच्या आधी मला एकदा माणसाचा खरा आवाज थिएटरात ऐकायचा आहे. मध्ये तार नको, डबा नको. तेवढ्यासाठी व्हिएन्नाला जाईन. राजवाडे सत्यशीलेनं पाहावेत.

२ एप्रिल

व्हिसा झाला. आता तिकिटांवरून वाद. विमानाच्या नव्हे, ऑपेराच्या.

आम्ही असू त्या दिवसांत मला हवा तसा एकच प्रयोग आहे, सव्वीस तारखेचा. त्यातली बाई सध्या तिकडची सर्वात नावाजलेली. उत्कर्षा म्हणाली, "बाबा, मी ऑनलाइन बुक करून टाकते, सीट्स भराभर चालल्यात." मी बजावलं, खबरदार. नाटकाचं तिकीट खिडकीवर घ्यायचं असतं. प्लॅन डोळ्यांनी पाहायचा, जागेवर बोट ठेवायचं, मग तिकीट. आणि हाउसफुल्लच्या पाटीला तर मुळीच घाबरायचं नाही. पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या जागा प्रत्येक प्रयोगाला असतातच. आयत्या वेळी खिडकीशी जाऊन ओळखीचं हसायचं, की त्यातल्या दोन सुटतात. पुण्यात हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. थिएटर इथून तिथून सारखंच.

उत्कर्षा काहीतरी बोलली आणि फोन बंद झाला. सत्यशीला म्हणाली, "अहो, करू दे की तिला." मी पेपर वाचायला घेतला.

डोअरबेल पुन्हा बिघडली आहे. वायरमन येऊन गेला, म्हणे ठीक आहे. काम टाळायची तऱ्हा. खालच्या मजल्यावरचे रणजितराव टीव्हीच्या आवाजाची तक्रार घेऊन आले होते. त्यांना हल्ली फारच ऐकू येतं. एरवी घर शांत असतं. यंदा कोकिळासुद्धा नाही. टेकडीवरची झाडं तोडल्यावर ती कशाला येईल? सत्यशीला पूर्वी पोळ्या लाटताना गुणगुणायची. सूर जरा चढा लागायचा, पण गुणगुणायची. चार-पाच वर्षांत तेही बंद झालं. वय झालं की माणसं आतल्या आत जातात. मी कधी विचारलं नाही.

२३ एप्रिल, व्हिएन्ना

पोचलो. गाव झकास. ट्राम वेळेवर येते आणि तिच्यात कुणी बोलत नाही. बोललेच तर अगदी हळू. पुण्यातही हल्ली सगळे हळूच बोलतात, पण तिथं ते सभ्यपणामुळे नसावं.

संध्याकाळी ऑपेराची इमारत बाहेरून पाहिली. मी कमानीखाली उभा राहिलो आणि टोपी काढली. का काढली ते माहीत नाही. देवळातसुद्धा हात जोडायची मला सत्यशीलेनं आठवण करून द्यावी लागते. इतकी माणसं, इतकी वर्षं, इथं नुसतं ऐकायला येतात! ऐकण्यासाठी एवढं मोठं घर बांधायचं, हेच मला नवीन होतं.

२५ एप्रिल

मी गाढव आहे.

सकाळी खिडकीवर गेलो. काचेमागे एक बाई. मी उद्याच्या प्रयोगाची दोन मागितली. तिनं मान हलवली. मी ओळखीचं हसलो. तीही हसली. मी आवाज उतरवून इंग्रजीत म्हटलं, की राखीव जागांतल्या असतील तरी चालतील, आमची हरकत नाही. तिला काही बोध झाला नाही. ती बोलली ते मला कळेना, कारण मध्ये ही एवढी जाड काच. मग सत्यशीला पुढे झाली. तिचं इंग्रजी इतकं सराईत कधी झालं कोण जाणे. बराच वेळ दोघी बोलत होत्या. शेवटी ती माझ्या उजव्या अंगाला आली (ती नेहमी उजवीकडूनच चालते) आणि म्हणाली, "सगळं संपलंय. दोन-तीन आठवड्यांपूर्वीच. राखीव वगैरे असलं काही नसतं त्यांच्यात."

उत्कर्षा 'मी सांगितलं होतं' असं म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

म्हणजे सात समुद्र ओलांडून आलो आणि पाटी पाहून परत जायचं. तेही माझ्या हट्टापायी. पोरगी घरबसल्या आठवी रांग काढून देत होती.

एकच वाट आहे, असं सत्यशीलेला त्या बाईनं सांगितलं. उभ्याची तिकिटं. प्रयोगाच्या थोडं आधी खिडकी उघडते, जो आधी येईल त्याला. मी म्हटलं, उभं राहून नाटक बघायला आपण काय बुफेला आलोय? आणि तुझे गुडघे? जिना उतरताना कठड्याला धरणारी तू.

"माझे गुडघे मी बघेन," ती म्हणाली. "आणि खालच्या मजल्यावरचीच घ्यायची. ती स्टेजच्या बरोब्बर समोर येतात. वरची मिळाली तर मी येणार नाही." मी पाहतच राहिलो. हिला ऑपेराचं इतकं वेड कधीपासून?

२७ एप्रिल

काल लिहिणं शक्यच नव्हतं. आज सकाळी बसलो आहे आणि कुठून सुरुवात करावी ते कळत नाही.

रांगेपासून करतो. दुपारीच जाऊन उभे राहिलो. आमच्या पुढे एक आजीबाई घडीची तिपाई घेऊन बसलेल्या. (आजीबाई म्हणजे माझ्याच वयाच्या असतील.) गेली कित्येक वर्षं त्या उभ्यानंच ऐकतात. त्यांनी सत्यशीलेचे गुडघे ओळखले आणि न बोलता तिपाई तिच्याकडे सरकवली. मग आळीपाळीनं दोघी बसत होत्या. मला कुणी विचारलं नाही.

तिकिटं मिळाली, खालचीच. आत गेल्यावर आजीबाई भराभर चालत पुढच्या कठड्याशी गेल्या, गळ्यातला स्कार्फ काढला, कठड्याला गाठ मारली आणि आम्हाला खूण केली, तुम्हीही बांधा. बांधला की जागा तुमची. मग खुशाल बाहेर जाऊन कॉफी प्या. मी थक्क झालो. ही तर आमची युक्ती! रुमाल टाकून जागा धरायची! मी खिशातून रुमाल काढला, सत्यशीलेनं ओढणी. बांधलं आणि बाहेर गेलो खरे, पण माझं लक्ष कॉफीत नव्हतं. पुण्यात रुमाल टाकला की पाठ वळायच्या आत तो उचलून, घडी करून, शेजारच्या खुर्चीवर ठेवतात आणि वर विचारतात, "आपला का?" परत आलो. आत गर्दी झालेली. आणि कठड्याला माझा रुमाल होता तिथं, तसाच, दोन्ही बाजूंना माणसं अंग चोरून उभी. त्या चार बोटांच्या सुती तुकड्याचा एवढा मान राखलेला मी जन्मात पाहिला नव्हता. डोळ्यांत पाणी आलं. अजून पडदा उघडायचा होता.

आठव्या रांगेचा मला क्षणभरही विचार आला नाही, हेही नोंदवून ठेवतो.

कठड्यावर आपल्यापुरती एक छोटी पट्टी असते, तिच्यावर गाण्याचे शब्द इंग्रजीत उमटत जातात. गोष्ट साधी आहे. नवरा युद्धावरून कित्येक वर्षांनी परत येतो आणि बायको त्याला ओळखत नाही. एकही शब्द सुटला नाही! कित्येक वर्षांत प्रथमच. मी सत्यशीलेला म्हटलंसुद्धा, "याला म्हणतात शब्दोच्चार." तिनं माझा हात दाबला.

आणि आवाज. काय सांगू? वाद्यं वाजायला लागली तेव्हा कठडा माझ्या तळहातांखाली थरथरला. मग ती बाई आली. ठेंगणी, जाडसर, मंडईत भाजी निवडताना दिसावी तशी. मी उत्कर्षाच्या दुर्बिणीतून आधी तिचा गाल पाहिला. काही चिकटवलेलं नव्हतं. तिनं तोंड उघडलं आणि एवढ्या सगळ्या वाद्यांच्या वरून तो आवाज सरळ आला, माझ्यापर्यंत, मध्ये काही नाही. कानात शिरला म्हणणं पुरेसं नाही. छातीच्या फासळ्यांत घुमला. माणसाला एवढं देऊन ठेवलंय? ते आपण वापरतच नाही? मला वाटलं, बस्स, आता काही मागायचं नाही. खिडकीवरचा अपमान, रांग, पायांना आलेली रग, सगळं त्या एका आवाजात वाहून गेलं.

पण खरी गोष्ट शेवटी घडली. शेवटी ती नवऱ्याला ओळखते. सगळी वाद्यं एकेक करून थांबतात. ती पुढे येते, मान किंचित वर करते, ओठ उघडते, आणि गात नाही. नुसती उभी. संपूर्ण शांतता. वाद्यवृंदाच्या म्होरक्याचा हात हवेत थांबलेला. दोन हजार माणसांत कुणी खोकत नाही, कुणी हलत नाही. शेजारच्या आजीबाईंचे डोळे मिटलेले, गालावरून पाणी ओघळतंय. ही बाई काहीही न करता एवढ्या माणसांचा श्वास धरून ठेवते! इतकी मोठी, इतकी भरलेली शांतता मी कधी ऐकली नव्हती. मग तिनं ओठ मिटले, आणि छप्पर उडेल असा टाळ्यांचा गजर झाला.

मी सत्यशीलेला म्हटलं, "पाहिलंस? सगळ्यात मोठ्या क्षणी गायचंच नाही! काय ताकदीचं दिग्दर्शन आहे!"

ती रडत होती. तिनं मान हलवली. गुडघे दुखत असणार.

२८ एप्रिल

सकाळी न्याहारीला मी उत्कर्षाला त्या शांततेबद्दल सांगत होतो. मराठी नाटकानं यातून काय शिकावं, हेही सांगितलं. तिनं आईकडे पाहिलं. आईनं चहाच्या कपाकडे. मला वाटलं, कंटाळली पोरगी.

दुपारी सत्यशीला मला बागेत घेऊन गेली. बाकावर माझ्या उजवीकडे बसली. म्हणाली, "अहो, ती शांतता नव्हती."

"मग?"

"ती गात होती. शेवटचा सूर. इतका बारीक होता, की..." ती थांबली. "सगळं थिएटर तो ऐकत होतं."

मी म्हटलं, "मी तिच्याकडेच पाहत होतो."

"हो. आणि मी तुमच्याकडे पाहत होते."

समोर एक माणूस कुत्र्याला फिरवत होता. कुत्रं तोंड उघडून उड्या मारत होतं. मी ते नीट पाहिलं. ते भुंकत होतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"चार-पाच वर्षं झाली असतील."

"सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं की. दोनदा."

यावर मला हसू आलं. मग तिलाही आलं. मग तिचं हसणं थांबेना आणि ते हसणं आहे का दुसरं काही, ते मला कळेना. मी विचारलं, कसा होता तो सूर? ती म्हणाली, "मला नाही बाई असलं सांगता येत." मी म्हटलं, गाऊन दाखव. "इथं? लोक काय म्हणतील!"

१ मे

लिहावंसं वाटलं नाही. डोअरबेलवाल्याला मी काय काय बोललो ते आठवत बसलो.

पण एक गोष्ट लिहिली पाहिजे, नाहीतर मी स्वतःला खोटा पाडीन. फसलो, असं मला वाटत नाही. एवढ्या सगळ्यांना जे ऐकू आलं ते मला आलं नाही, हे खरं. पण ते सगळे डोळे मिटून होते, निदान समोर तरी पाहत होते. मी एकट्यानंच त्यांना ऐकताना पाहिलं. एका माणसाच्या गळ्यातून निघालेल्या धाग्याला एवढी माणसं कशी लोंबकळून होती, ते मी पाहिलं. ते पाहायला मिळणं हेही काही थोडं नाही.

तरी तो सूर हवा होता. त्यासाठीच आलो होतो ना.

१२ मे, वारजे

कानांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. छोट्या खोलीत बसवतात, दार लावतात, हातात बटण देतात. आवाज आला की दाबायचं. मी सरसावून बसलो होतो. बराच वेळ गेला तरी त्यांचं सुरूच होईना. शेवटी काचेतून खूण केली, करा की सुरू. बाहेर आल्यावर कळलं, केव्हाच सुरू झालं होतं.

डॉक्टर बाई तरुण आहेत, स्पष्ट बोलतात. (आता मी त्यांच्या ओठांकडे पाहतो.) वयामुळे आधी बारीक आवाज जातात म्हणे, मग शब्दांच्या कडा. मशीननं सगळं परत येईल असं नाही. काही येईल. सत्यशीलेनं विचारलं, "आणि नाटक?" त्या म्हणाल्या, "पुढच्या रांगेत बसा." सत्यशीलेनं माझ्याकडे पाहिलं नाही. हा तिचा मोठेपणा.

२४ मे

आज मशीन मिळालं. दोन्ही कानांत वाटाण्याएवढं काहीतरी.

जग फार आवाज करतं. पेपर उलटला तर भाकरी मोडल्यासारखा वाजतो. चपला वाजतात, लेंगा वाजतो. डोअरबेल ठीक आहे. कोकिळा आहे, खिडकीबाहेरच आहे आणि भलतीच कर्कश आहे. मी थोडा वेळ गॅलरीत उभा राहून तेवढंच ऐकलं. रणजितराव खालून म्हणाले, "काय श्रीनिवासराव, आज टीव्ही बंद?" मला अक्षर न् अक्षर कळलं. उत्तर दिलं नाही, सवयीनं.

मग पाणी प्यायला आत गेलो. स्वयंपाकघराच्या दारात थांबलो.

सत्यशीला पाठमोरी पोळ्या लाटत होती. गुणगुणत होती. मी आलेलं तिला कळलं नाही, आणि नवीन काही करत असल्यासारखी ती मुळीच दिसत नव्हती. पोळी वळते, लाटणं फिरतं, त्यात सहज मिसळलेलं, रोजचं. म्हणजे ते कधी थांबलंच नव्हतं. चार-पाच वर्षं ती रोज इथं गात होती आणि मी बाहेर पेपर वाचत होतो.

चाल ओळखीची नव्हती. आपल्याकडची नव्हतीच. हळूहळू वर चढत गेली, अगदी बारीक झाली, आणि वरच्या टोकाशी एक सूर तिनं धरून ठेवला. तव्यावरची पोळी फुगली तरी धरून ठेवला. मी दाराच्या चौकटीला हात लावून उभाच होतो. श्वास घ्यायचाही राहिला.

तर असा होता तो.

सूर थोडा चढा लागत होता. मी काही बोललो नाही.